टकलूची वावटळ

सोमवार, २ फेब्रुवारी

नाट्यगृहात होते तेव्हा प्रत्येक प्रयोगानंतर दोन ओळी खरडायची सवय होती. कुठला दिवा फुरफुरला, कुठल्या नटाने मी टाकलेला उजेड सोडून अंधारात उभं राहून भाषण ठोकलं, असलं काहीबाही. आता नाट्यगृहच विकलं गेलं. तिथे फर्निचरचं दुकान होणार म्हणे. आणि इतकी वर्षं रंगमंचाचे दिवे सांभाळणारी मी बाबांच्या घरी येऊन पडलेय. पण सवय कुठे जाते? तर आजचा प्रयोग.

सकाळी अकराला उठले. बाबांनी चहा करून झाकून ठेवला होता, तो गार झाला होता. बाबा हल्ली सगळं एका हाताने करतात, डावा हात गळ्यातल्या झोळीत. आमचे बाबा डावखुरे आणि धंदा केस कापण्याचा. खाली सलून, वर घर. हिवाळ्याच्या सुरुवातीला सलूनमधला बल्ब बदलायला स्टुलावर चढले, आणि स्टूल एकीकडे, बाबा एकीकडे. मनगट मोडलं. प्लास्टर आता निघालंय, पण अंगठा वळत नाही, त्यामुळे कात्री धरता येत नाही. फिजिओ बाईंनी स्पष्टच सांगितलंय, अंगठ्याला रोज काम दिलं नाही तर तो असाच आखडणार, मग कात्री विसरा.

फोनवर मला म्हणाले होते, "ठकू, दिवेवाली पोरगी घरात असती तर म्हाताऱ्यावर ही वेळ आली असती का?" मी म्हटलं, येते. म्हणजे मी बाबांची काळजी घ्यायला आलेय. हे इथे लिहून ठेवलेलं बरं, कारण शेजारच्या काकू आज जिन्यात मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस, बाबांचा जीव टांगणीला लागला होता तुझ्यापायी." आता काय म्हणावं? हात मोडलाय त्यांचा!

मंगळवार, ३ फेब्रुवारी

फिजिओ बाईंनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबा म्हणाले, "चेंडू दाबायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आज तो चेंडू काकूंच्या कुत्र्याच्या तोंडात सापडला. कुत्रा म्हणे आपणहून घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावरून, दार लावलेलं असताना. बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बँडेज शोधायला पलंगाखालची ट्रंक ओढली. बँडेज नाही सापडलं. पण तळाशी आईच्या जुन्या ब्लाउजपीसमध्ये बांधलेलं एक गाठोडं निघालं. सोडून बघते तर आमचा व्हिडिओ गेम! माझा आणि दादाचा. दोन रिमोट, वायरी आईने नाडीने बांधून ठेवलेल्या, आणि ती एकुलती एक कॅसेट. आई जाऊन चार वर्षं झाली, तिची गाठ मात्र सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वरच्या टीव्हीला मागे गेमची वायर घालायचं भोकच नाही. मग आठवलं, सलूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी जुना डबा टीव्ही आहे. शटर अर्धं वर केलं, आत घुसले, वायरी जोडल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या. कॅसेट काढली, दादा मारायचा तशी फुंकर मारली, परत घातली. आणि तीच धून! टिंग टिंग टिडिंग! मी एकटीच त्या बंद सलूनमध्ये खुळ्यासारखी टाळ्या वाजवत होते.

कॅसेटवरचं स्टिकर केव्हाच निघालंय आणि पडद्यावरचं नाव कुठल्या तरी परक्या लिपीत आहे. त्यामुळे या खेळाचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. आम्ही 'धपाधप' म्हणायचो. दोन माणसं समोरासमोर आणि दे दणादण. खेळाडूंची बारशीही आम्हीच केलेली. अंबाडेवाली ती मावशी, काठीवाला मास्तर, पोट पुढे काढून आपटणारा भोपळा. आणि एक टकलू. टकलूला कोणी हात लावायचं नाही, कारण तो चालतो सुद्धा जांभया देत. पण त्याच्याकडे एक वावटळ आहे. डाव्या अंगठ्याने रिमोटवरचा बाण खालून पुढे गर्रकन फिरवायचा, पुन्हा फिरवायचा आणि त्याच दमात उजवीकडचं बटण दाबायचं. जमलं तर टकलू गिरक्या घेत येतो आणि समोरचा थेट भिंतीवर. दादाला जन्मात दोनदा जमली असेल. मला कधीच नाही.

मी मावशी घेतली. हात इतके विसरले असतील असं वाटलं नव्हतं. पहिल्याच मास्तरने मला काठीने बडवून काढलं. चिडून पुन्हा खेळले. पुन्हा मार. बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी खरी खरी भूक.

जेवताना ट्यूब पेटली. बाण सगळे डाव्या अंगठ्याखाली! बाबांचा डावा अंगठा! चेंडू गेला उडत.

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबांना पटवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. "या वयात मी मारामाऱ्या करू?" म्हणाले. मग मी डाव टाकला. म्हटलं, "नका खेळू, पण मला एकटीला कंटाळा येतो हो." बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चपला घातल्या. फसले बिचारे.

खाली जाऊन सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. मी वाट बघणाऱ्यांच्या बाकावर. खेळाडू निवडायची वेळ आली तर म्हणाले, "तो टकला दे मला."

"अहो बाबा, तो सगळ्यात रद्दी आहे."

"असू दे. टकले म्हणजे आमच्या धंद्याचे वैरी. आपल्या बाजूला घेतलेला बरा."

मी अर्थातच धुव्वा उडवला. मावशी उडी मारून गुडघा घालते तो एकच डाव पुरला. बाबांचा अंगठा बाणावर नुसता लाकडासारखा ठेवलेला. पण चेंडूला पाच मिनिटं न देणारा माणूस तासभर बसला. उठताना त्यांनी एक नियम काढला. जो हरेल तो खुर्चीत, आणि हरल्यावर खुर्ची पायाने एक घर खाली करायची. जिंकला तर एक घर वर. आज बाबांचे गुडघे हनुवटीला लागायचेच बाकी होते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रोज खेळतोय. सकाळी आठला मीच त्यांना हाका मारते. आठला! नाट्यगृहाचं तोंडही मी कधी दहाच्या आधी पाहिलं नव्हतं. पण रुग्णाला शिस्त लागते, मग काय करणार. वेळापत्रक करून भिंतीला लावलंय. आधी बाण नुसता खाली-वर, मग अर्धगोल, मग पूर्ण.

वावटळ काही जमत नाही. "अंगठा वळतच नाही गं," म्हणतात आणि असं तोंड करतात की मलाच रडू येतं. मग मी म्हणते, चला, अजून एक डाव.

सलूनमधला उजेड फारच वाईट आहे. आरशावर एकच पिवळा बल्ब, खालून बघितलं तर सगळेच भुतासारखे दिसतात. बाबांना पडदा नीट दिसावा म्हणून मी आरशाच्या दोन्ही अंगांना दिव्यांच्या पट्ट्या लावल्या, वायरिंग नवीन केलं. दिवस कसा गेला कळलं नाही. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "माझं नाक इतकं बरं आहे हे मला माहीत नव्हतं."

रात्री ते दादाशी फोनवर बोलत होते. दादा परदेशात असतो, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं असा बाबांचा समज आहे. "उठते आता लवकर. मला जाम कामाला लावते. हो, जेवते पोटभर. नाही नाही, अजून नाही सांगितलं." तक्रारी चालल्या होत्या माझ्या! माझ्या जेवणावर सुद्धा! काय सांगितलं नाही ते विचारायला हवं होतं, पण मी रुसून झोपले.

शनिवार, १४ फेब्रुवारी

बाबांना हल्ली दुपारी कसल्या कसल्या वस्तू लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानातली पावडर चालत नाही, स्टेशनजवळचीच हवी. साबण बाजारातला. काल टाचणी आणायला मला पार नदीपर्यंत पिटाळलं. टाचणी! मी म्हटलं, बाबा, तुम्हाला टाचणी कशाला? म्हणाले, "असावी घरात." वय झालं की माणूस हट्टी होतो. जाऊ दे, चालणं होतं. नदीकाठी एक पडकं गोदाम आहे, त्यावर संध्याकाळचं ऊन इतकं सुंदर पडतं की तसा उजेड पाडायला मला सहा दिवे लागले असते. उभी राहून बघतच राहिले.

परत आले तर गच्चीवर सलूनचे टॉवेल वाळत होते. चांगले आठ-दहा. दुकान बंद आणि टॉवेल धुताहेत! "बंद राहिले की कुबट वास मारतो," म्हणाले. एका हाताने पिळले कसे? तर म्हणे काकूंनी मदत केली. काकूंकडे बघितलं तर त्यांना एकदम खोकला आला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज माझं टाळकं सटकलं.

आधी हे सांगितलं पाहिजे की बाबांनी कापलेले केस हजारात ओळखू येतात. डाव्या हातामुळे मानेवरची रेघ किंचित तिरकी उतरते. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी वर. लहानपणी शाळेत रांगेत उभं राहिलं की पुढच्या पोरांच्या माना बघून मी सांगायचे, हा आपला, हा आपला, हा नाही. बाबांना कोणी ते सांगत नाही आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नाही. बाबांची गिऱ्हाइकं मोठी हट्टी. हात मोडल्यापासून पोस्टमन, मेडिकलवाले, शाळेतले सर, कोणी दुसरीकडे गेलं नाही. गल्लीत निम्मे ऋषिमुनी झाले होते.

तर आज मी मेडिकलमध्ये गेले आणि मेडिकलवाले पाठमोरे उभे. केस स्वच्छ कापलेले. आणि रेघ तिरकी!

"कुठे कापलेत?" मी विचारलं.

ते दचकले. "ते... पुलापलीकडे. नवीन सलून झालंय ना."

म्हणजे बघा! त्या पुलापलीकडच्याने बाबांची नक्कल केली. बाबांचा हात बरा नाही म्हणून त्यांची रेघ सुद्धा चोरायची? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात! आणि बाबा तर जिवंत आहेत!

तडक पूल ओलांडला. काचेतून आत बघत उभी राहिले. तिथला कारागीर एका बाप्याची मान साफ करत होता. रेघ एकदम सरळ, पट्टीने आखल्यासारखी. मला बघून त्याने सरळ कापली, दुसरं काय. बाहेर येऊन मलाच म्हणतो, "ताई, आत या ना, सवलत चालू आहे." मी म्हटलं, "सवलत ठेवा तुमच्याकडे," आणि आले निघून.

बाबांना यातलं काही सांगणार नाही. त्यांचं मन मोडेल.

बुधवार, १८ फेब्रुवारी

फिजिओ बाई आल्या. बाबांनी मला नेहमीसारखं बाहेर थांबायला लावलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. निघताना बाई म्हणाल्या, "आता मी नाही आले तरी चालेल." म्हणजे त्यांनी आशा सोडली. माणसाला धीर द्यायला हसतात हे लोक, मला ठाऊक आहे. बाबाही बिचारे हसत होते.

बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. बाबांचं आयुष्य त्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं. दिवसभर वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नाहीत.

मग तोंड धुतलं आणि वेळापत्रकात संध्याकाळचा एक तास वाढवला. बाईंनी सोडला असेल हात, मी सोडणार नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

आमच्या नाट्यगृहातला साउंडवाला आहे ना, त्याचा फोन. एका फिरत्या नाटक कंपनीत लागलाय. त्यांची दिवे बघणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर चाललीय आणि परत येईलसं दिसत नाही. येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी, चार तारखेला, एका प्रयोगाचे दिवे करून दाखवायचे. जमलं तर नोकरी पक्की. "मी तुझं नाव सांगून ठेवलंय," म्हणाला. "रविवारपर्यंत कळव."

नाट्यगृह बंद झाल्यावर दोन ठिकाणी गेले होते. दोन्हीकडे माझ्या निम्म्या वयाच्या पोरांनी कॉम्प्युटरवर असे काही दिवे नाचवले की मला स्वतःची बोटं खोटी वाटायला लागली. एके ठिकाणी तर मी बटणावर बोट ठेवून तशीच बसून राहिले, दिवे बदलायचा क्यू निघून गेला. तिसऱ्यांदा तोंडघशी पडायची माझी तयारी नाही. पण हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की बाबांना सोडून मी जाणार कशी? मी म्हटलं, "बाबांचा हात बरा नाही रे. नाही जमायचं."

फोन ठेवला तर बाबा दारात. "कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

"चुकीच्या नंबराला बाबांचा हात सांगितलास?"

गुरुवार, २६ फेब्रुवारी

चार दिवस बाबा ताकास तूर लागू देत नव्हते, आज भांडण काढलंच. चहाच्या कपावरून सुरू झालं आणि चार तारखेवर येऊन पोचलं. साउंडवाल्याने म्हणे घरच्या फोनवरही फोन केला होता. आगाऊ मेला.

"तू जाणार आहेस," बाबा म्हणाले.

"आणि तुमचा हात?"

"हात माझा आहे. माझ्याजवळच राहील."

"मला तिथे जमलं नाही तर?"

हे कसं तोंडातून निघालं कोण जाणे. बाबा आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "नाही जमलं तर परत ये. बाक तुझाच आहे."

मी म्हटलं नाही म्हणजे नाही. तुम्ही सलून उघडल्याशिवाय मी हलणार नाही. तर बाबा म्हणतात कसे, "मग धपाधपवर लावू पैज. शनिवारी संध्याकाळी, तीन डाव. मी जिंकलो तर तू जायचं. तू जिंकलीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मला हसू आवरेना. बाबा माझ्याकडून एक डाव जिंकले असतील तर शपथ! टकलू उभाच राहतो, मावशी गुडघा घालते, खुर्ची खाली. मी लगेच हात पुढे केला. बाबांनी उजव्या हाताने पैज घेतली.

आता वाईट वाटतंय. म्हाताऱ्या माणसाशी असं खेळावं का? पण पैजेचा विषय त्यांनीच काढला.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

सहाच्या सुमाराला सलूनचं शटर अर्धं वर. प्रेक्षक दोन. काकू, कुत्र्यासकट, आणि मेडिकलवाले. मेडिकलवाले मला बघून आधीच भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी माझ्या नव्या पट्ट्या लावल्या, आरशात सगळे कसे तेजस्वी दिसत होते. बाबा खुर्चीत, मी बाकावर.

पहिला डाव मी जिंकला. मावशीने टकलूला श्वास घेऊ दिला नाही. बाबांनी निमूटपणे खुर्ची एक घर खाली केली. काकू म्हणाल्या, "अगं, जरा हळू मार की, बाप आहे तुझा!"

मग बाबांनी गळ्यातली झोळी काढली, घडी केली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. "फार घाम येतो," म्हणाले.

दुसऱ्या डावात टकलू मागे मागे सरकत गेला. मला वाटलं घाबरला. मावशीने उडी मारली आणि नेमकी ती हवेत असताना टकलूने खालून एक ठोसा दिला. मग अजून एक. मी म्हटलं नशीब आहे. डाव गेला.

तिसरा. मी सावध होते. पडद्यावर मावशीच्या जिवाची रेघ बरीच शिल्लक होती, टकलूची अगदी किडमिडीत. एक गुडघा आणि संपलं. मी उडी मारणार एवढ्यात टकलू गर्रकन फिरला.

वावटळ!

मावशी भिंतीवर. उठते न उठते तोच पुन्हा वावटळ. मेडिकलवाले ओरडले, "शाब्बास!" तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, बाबांच्या हाताकडे बघितलं. डावा अंगठा बाणांवरून असा फिरत होता की जणू लोण्यावरून. खाली, पुढे, खाली, पुढे. जराही कुठे अडखळला नाही. पडद्यावर मावशी आडवी झाली होती आणि ती टिंग टिंग टिडिंग धून वाजत होती.

बाबांनी पायाने खुर्ची वर केली. एक घर. मग अजून एक. मग पार वरपर्यंत. पाय लोंबकळत सोडून राजासारखे बसून म्हणाले, "बॅग भर."

खरं सांगू? मी त्या क्षणी चिडायला हवं होतं. पण मला आतून इतकं हलकं वाटलं की मीच घाबरले. मला हरायचं होतं. इतके दिवस हरायचीच वाट बघत होते बहुतेक, फक्त कोणी हरवत नव्हतं.

साउंडवाल्याला तिथूनच फोन केला.

रविवार, १ मार्च

सकाळी बाबा म्हणाले, "असल्या झिपऱ्या घेऊन जाणार का परक्या गावी? बस."

सलूनचं शटर आज पूर्ण वर केलेलं होतं. मी खुर्चीत बसले. बाबांनी पांढरं कापड झटकलं, माझ्या मानेभोवती गुंडाळलं आणि मागे टाचणीने अडकवलं. नदीपर्यंत जाऊन आणलेली टाचणी. मग डाव्या हाताने कात्री उचलली. चक् चक् चक्. तो आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आरशात माझ्या दिव्यांखाली ते वाकून काम करत होते आणि अंगठा कात्रीच्या कडीत सुखाने नांदत होता. मला काहीही विचारावंसं वाटेना. नुसतं बघत राहावंसं वाटलं.

झाल्यावर त्यांनी मागे छोटा आरसा धरला. मान स्वच्छ. रेघ तिरकी. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी वर.

मी त्या रेघेकडे बघत बसले. बघत बसले. आणि मग एकेक करून सगळं डोक्यात शिरायला लागलं. काखेत कळसा आणि मी पुलापलीकडे वळसा मारून आले होते!

"बाबा, मेडिकलवाल्यांचे केस..."

"मान हलवू नकोस, मागे थोडं राहिलंय."

"ते टॉवेल!"

"मान."

"आणि शाळेतले सर? आणि पोस्टमन?"

"पोस्टमन सासुरवाडीला गेला होता," बाबा म्हणाले. "त्याचे नाही मी कापले."

"कधीपासून, बाबा?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. ब्रशने माझी मान झाडत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. "तू आठला उठायला लागलीस ना," म्हणाले, "साधारण तेव्हापासून. हात बरा झाला म्हटलं असतं तर तू अकरालाच उठत राहिली असतीस."

मग मी कापडासकट त्यांच्या गळ्यात पडले. माझे केस सगळे त्यांच्या शर्टावर. बाबा ओरडले, "अगं, टाचणी टोचतेय!" पण सोडायला लावलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

नवीन गाव, भाड्याची खोली, खिडकीतून समोर पाण्याची टाकी दिसते.

काल प्रयोग झाला. सुरुवातीला बोटं लाकडासारखी होती. दुसरा अंक सुरू होताना मंचावर पूर्ण अंधार आणि मग एका श्वासात पहाट उगवायची होती. बोट बटणावर ठेवलं आणि मला टकलू आठवला, कसा जांभया देत देत योग्य वेळेची वाट बघायचा. हसू आलं. हसता हसता दाबलं. पहाट अशी उगवली की बाजूचा साउंडवाला "अरे!" म्हणाला आणि त्याचाच क्यू चुकला. नोकरी पक्की.

बाबांचा दुपारी फोन आला होता. सलून उघडलंय. गर्दी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काकू मावशी घेऊन खेळायला बसतात आणि त्या म्हणे भयंकर मारतात, काल बाबांची खुर्ची पार खाली होती. मी म्हटलं, वावटळ करा की. म्हणाले, "करेन. अजून थोडे दिवस जिंकू दे तिला."

संध्याकाळी दिव्यांच्या खोलीत मी खाली वाकून वायरी जोडत होते. मागून कंपनीची मेकअपवाली म्हणाली, "ताई, राग नका मानू, पण मागची रेघ तिरकी कापलीय हो कोणीतरी. बसा, दोन मिनिटांत सरळ करून देते."

मी मानेवर हात ठेवला. "नको गं," म्हटलं, "आमच्यात तशीच असते."